नऊ तास शिजूनही कच्चं गाजर

आईने सूपचा पहिला चमचा तोंडात घातला आणि ‘कर्रम्’ असा आवाज आला.

आई चावायची थांबली. शाल्मलीने मान खाली घातली. सूपमधलं गाजर कधी असं वाजतं का? तेही सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, चांगलं नऊ तास शिजल्यावर?

हा सलग तिसरा बुधवार होता.

शाल्मली भिलारे अकरा वर्षांची होती आणि पाचगणीला राहत होती. तिचे बाबा कामासाठी आठवडाभर पुण्याला असत. आई दरडींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात होती. डोंगरात पुरलेल्या शेकडो संवेदकांच्या (जमिनीची बारीकशी हालचालही टिपणाऱ्या यंत्रांच्या) नोंदी दिवसभर तपासून ती घरी यायची, तेव्हा तिच्यात कणीक मळायचंही त्राण उरत नसे. मग पाकिटातलं काहीतरी गरम करायचं आणि दोघींनी आपापल्या खोलीत बसून खायचं, असं चाललं होतं. शाल्मलीला ते मुळीच आवडत नव्हतं. म्हणून तिने जाहीर केलं होतं, “बुधवारचं जेवण माझ्याकडे!”

त्यासाठी नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तिला स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणारं विजेचं भांडं) आणून दिला होता. शाळेत जाण्यापूर्वी मसूर डाळ, गाजर, बटाटा, लसूण आणि पाणी घालायचं आणि बटण दाबायचं. संध्याकाळी सूप तयार! इतकं सोपं काम, आणि तेही जमेना.

“जाऊ दे गं राणी,” आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “भांडंच बिघडलेलं दिसतंय. पुढच्या महिन्यापासून आपण डबा लावू या.”

“अजून एक बुधवार दे ना, आई. एकच!”

आईने हसून होकार दिला. कोपऱ्यात उभा असलेला सातूही हळूच पुढे आला. सातू हा त्यांचा घरकाम करणारा यंत्रमानव. मूळ नाव ‘सहायक सात’, पण घरात सगळे त्याला सातूच म्हणत. “ताई, पुढच्या बुधवारी मी आणखी काळजी घेईन,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी नाना वाईहून आले. रुग्णालयांसाठी लस थंड ठेवणाऱ्या पेट्या तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शाल्मलीची हकिकत ऐकून ते म्हणाले, “आधी भांड्यावरच्या आरोपाची चौकशी करू. भर त्यात पाणी.”

शाल्मलीने भांडं भरून झाकण लावलं आणि बटण दाबलं. मग नाना, ती आणि सातू बाजारात गेले. तिथून टेबललँडच्या पठारावर भटकून, कणीस खाऊन संध्याकाळी परत आले. नानांनी तापमापक बुडवला. त्र्याण्णव अंश!

“आपल्या पाचगणीच्या उंचीवर पाणी शहाण्णवच्या आसपासच उकळतं. म्हणजे भांडं ठणठणीत आहे,” नाना म्हणाले. “आता तू सांग. आज आणि बुधवारी काय वेगळं होतं?”

शाल्मली विचार करू लागली. भांडं तेच. वीज तीच. जागाही तीच. आज घरात कोणी नव्हतं. बुधवारीही ती शाळेत, आई कामावर. घरात असतो फक्त...

“सातू,” तिने विचारलं, “बुधवारी तू दिवसभर काय करतोस रे?”

“सूपची काळजी घेतो, ताई,” सातू अभिमानाने म्हणाला. “दर दहा मिनिटांनी झाकण काढतो, नीट ढवळतो आणि तापमान लिहून ठेवतो. गेल्या बुधवारी चोपन्न वेळा!”

त्याने छातीवरच्या पडद्यावर आलेख (आकड्यांवरून काढलेली रेघ) दाखवला. रेघ जरा चढायची, धपकन पडायची, पुन्हा चढायची, पुन्हा पडायची. करवतीचे दातच जणू. एकही दात सत्तर अंशांच्या वर गेला नव्हता.

“नाना! झाकण! झाकणामुळेच झालंय हे!”

“शाबास! पण झाकण उघडल्याने एवढं काय बिघडतं?”

नानांनी तिला अंगणातल्या नळाखाली बादली ठेवायला सांगितली. बादलीच्या तळाशी एक भोक होतं. नळाची बारीक धार सोडली. पाणी थोडं वर चढलं आणि मग तिथेच थांबलं.

“जेवढं येतंय तेवढंच गळतंय!” शाल्मली म्हणाली.

“आता भोकावर बोट ठेव.”

तिने बोट दाबून धरलं. धार तितकीच बारीक होती, तरी पाणी चढत चढत काठाशी आलं.

“स्लो कुकर हा असाच बारीक धारेचा नळ आहे,” नाना म्हणाले. “दोन पंख्यांना लागते तेवढीच वीज तो घेतो. त्यामुळे उष्णता हळूहळू साठते. झाकण काढलं की बादलीला भोक पडतं. आणि तिथून उष्णता पळवतं कोण, ठाऊक आहे? हात पुढे कर.”

त्यांनी तिच्या मनगटावर पाण्याचे दोन थेंब टाकले. “फुंकर मार.”

“थंडगार लागतंय!”

“पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती त्याने तुझ्या हातातून उचलली. सूपमधली वाफही तशीच खूप उष्णता उचलते. झाकण लावलेलं असेल तर झाकणाला लागून वाफेचं पुन्हा पाणी होतं, तेव्हा ती उचललेली उष्णता सोडून देते आणि टपटप खाली येते. झाकण उघडलं तर उष्णता घेऊन पसार!”

“पण सत्तर अंश म्हणजेही कढतच की. नऊ तासांत गाजर मऊ का नाही झालं?”

“भाज्यांच्या पेशी पेक्टिनने (डिंकासारख्या एका पदार्थाने) एकमेकींना चिकटलेल्या असतात. साधारण पंचाऐंशी अंशांच्या पुढे गेल्यावर हा डिंक भराभर सुटू लागतो आणि मग भाजी मऊ होते. सत्तरवर तो हटून बसतो. नऊ तास ठेव नाहीतर दिवसभर, गाजर वाजणारच.”

एवढ्यात मागून बारीक आवाज आला. “म्हणजे सूप मी बिघडवलं?” सातूच्या डोळ्यांतले निळे दिवे अगदी मंद झाले होते.

शाल्मलीने त्याचा धातूचा हात धरला. “तू काळजीच घेत होतास रे. फक्त जरा जास्त झाली! तुला अवरक्त किरण (गरम वस्तूंमधून निघणारे, आपल्याला न दिसणारे किरण) दिसतात ना? मग बाहेरूनच बघ, भांडं किती तापलंय ते. झाकणाला हात लावायचा नाही.”

बुधवारी सकाळी शाल्मलीने गाजर, बटाटे चिरले, डाळ धुतली, झाकण लावलं आणि शाळेत गेली. दिवसभर तिचं वर्गात लक्ष नव्हतं. पाच वाजता धावत घरी आली तर सातू भांड्यासमोर ताठ उभा, दोन्ही हातांत घट्ट धरलेला झाडूचा दांडा.

“हे काय?”

“हात मोकळे असले की झाकणाकडे जातात, ताई,” सातू म्हणाला. “आज शून्य वेळा!”

शाल्मलीने झाकण उचललं. वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. चमचा गाजराला नुसता टेकवला आणि ते मुकाट्याने दुभंगलं. तिने आनंदाने अशी काही किंकाळी फोडली की या बुधवारसाठी मुद्दाम थांबलेले नाना आतल्या खोलीतून पळत आले. त्यांनी जिरं-लसणाची फोडणी दिली, वर लिंबू पिळलं.

आई घरी आली तेव्हा दारातच थांबली. “कसला वास आहे गं हा?”

त्या संध्याकाळी झाकणाची गोष्ट ऐकता ऐकता आईने एक वाटी संपवली, मग दुसरी, मग तिसरी. मधेच कामावरची गंमत सांगता सांगता ती एवढी हसली की तिला ठसका लागला. शाल्मलीने आईला असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

“नाना,” ती म्हणाली, “गळती बंद केली तर बारीक धारही पुरते ना? मग आमच्या शाळेच्या वसतिगृहात दोनशे मुलांचं जेवण छपरावरच्या छोट्याशा सौरपट्टीच्या विजेवर शिजेल?”

“भांडं कसं हवं, ते शोधावं लागेल,” नाना म्हणाले. “कोणीतरी शोधेलच.”

शाल्मलीने वाटी बाजूला सारली आणि कागद ओढला. आई तिच्या शेजारी खुर्ची सरकवून बसली. “जाड झाकणापासून सुरुवात कर,” ती म्हणाली. “आणि पुढच्या बुधवारी भाजी मी चिरणार.”