वाक्य संपेपर्यंत

ती त्या दुकानात शिरली ती केवळ पाऊस टाळायला. गेम विकणारं छोटंसं दुकान, काचेमागे जुन्या डिस्क, आणि कोपऱ्यात एक टीव्ही, गिऱ्हाइकांना खेळून बघायला ठेवलेला. त्या टीव्हीसमोर एक जण उभा होता. पडद्यावर दोन योद्धे एकमेकांना तुडवत होते, कंट्रोलरची बटणं टकटकत होती, आणि खेळणाऱ्याचं तोंड मात्र भलतीकडेच वळलेलं. दाराकडे... म्हणजे जवळजवळ तिच्याकडेच.

पडद्याकडे न बघता तो जिंकला. किती ही मिजास, तिला वाटलं.

“ह्याचा नवा भाग कधी येणार?” त्याने दुकानदाराला विचारलं. “बाकी सगळीकडे मागच्याच वर्षी आला. शेवटी कोण मरतं तेसुद्धा लोकांनी मला सांगून टाकलंय.”

“आपल्या भाषेत करतायत म्हणे. म्हणून उशीर.”

“करतायत की झोपलेत?”

तिने गळ्यातलं ओळखपत्र गुपचूप ओढणीखाली सरकवलं. आपल्या भाषेत ‘करणारी’ तीच होती. पडद्यावरचा मजकूर ती लिहायची, आणि ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी लढत चालू असताना कानात बोलणारं निवेदनही तिचंच.

“झोपले नसतील,” तिला राहवलं नाही. “काम बारीक असतं ते.”

“तुम्हाला बरं माहीत.”

“अंदाज आपला...”

“अंदाज कुणी इतकं चिडून सांगत नाही,” तो दाराच्या चौकटीकडे बघून हसला.

पाऊस ओसरला. तो निघाला, आणि पायरीखालचं डबकं त्याने एका ढांगेत ओलांडलं.

ते डबकं तिच्या डोक्यात बसलं ते सोमवारी. मॅडमनी त्यालाच ऑफिसात आणून उभं केलं. “हे आपले नवे टेस्टर. ह्यांना नीट दिसत नाही. आपला गेम अशा माणसांना खेळता येतो का, ते हे तपासतील.”

नीट दिसत नाही? पांढरी काठी नाही, काळा चष्मा नाही, आणि डबकं तेवढं बरोब्बर दिसतं?

तिने नमस्कार म्हटलं मात्र, आवाज ऐकून तो थांबला. “काम बारीक असतं,” तो हळूच म्हणाला. “हो ना?”

घरी तिला सगळे शंकासूर म्हणायचे. दूध उतू गेलं तर ते पुसायच्या आधी ती ‘गॅस कुणी मोठा केला’ ते विचारायची. अशा मुलीसमोर हा माणूस बसला. आणि बसला तोही कसा, तर बोलायचा तिच्याशी आणि बघायचा तिच्या डावीकडे. डावीकडे कोण? तर गेमच्या दृश्यांचं काम बघणारी चित्रकार. लांब मान, गालाला खळी. शंकेला जागाच नव्हती.

त्याने तिच्या निवेदनात पहिल्याच दिवशी खोट काढली.

“‘प्रतिस्पर्धी डाव्या बाजूने उंच उडी घेऊन आपल्यावर झेपावत आहे.’ हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. का?”

“फार सुंदर आहे. पण तुमचं वाक्य संपेपर्यंत मी मेलेलो असतो.”

चित्रकार फिस्सकन हसली. तिचीही सुटका नव्हती म्हणा. मागचं सगळं राखाडी करून एक योद्धा पिवळा आणि एक निळा दिसेल अशी सोय त्याने मागितली, तेव्हा ती हिरमुसली. संध्याकाळचं ते आकाश रंगवताना किती जणांची बोटं दुखली होती. तो नुसता म्हणाला, “ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी राहू दे की आकाश. मला लाथ कुठून येतेय तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं.”

कोपऱ्यातला पंखा बिघडणार हे त्याने आदल्या दिवशी सांगितलं, तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव कानसेन पडलं. तिचा संशय मात्र वाढत गेला. रोज जेवताना ती घरी त्याच्या कागाळ्या सांगायची. तो खोटं बोलतो, नोकरीसाठी नाटक करतो, नजर चुकवतो.

“नजर चुकवतो हे तुला कसं कळलं?” वहिनीने पोळी वाढता वाढता विचारलं. “तू टक लावून बसतेस वाटतं?”

तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

शेवटी तिने एक डाव टाकला. तो चित्रकाराशी लढत खेळणार होता, त्याआधी तिने हेडफोनमध्ये येणारे आवाज फिरवून ठेवले. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. खरंच दिसत असेल तर जिंकेल, आणि मग बघू.

तो पहिल्याच फेरीत आडवा झाला. दुसरी फेरी तो खेळलाच नाही. हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवला.

“डावं-उजवं बदललंय कुणीतरी.”

चित्रकार चहाला गेली. खोलीत दोघंच उरली.

“मीच,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला दिसतं. त्या दिवशी डबकं ओलांडलंत तुम्ही.”

“डबकं पायाशी होतं,” तो शांतपणे म्हणाला. “डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. मधलं पुसलं गेलंय, कडा शाबूत आहेत. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं.”

तिने हेडफोनचं डावं-उजवं पुन्हा जागेवर आणलं. पण शंकासूर तो शंकासूरच.

“मग तुम्ही सारखं तिच्याकडे...”

“कुणाकडे?”

“चित्रकाराकडे.”

“ती तिथे बसते?” त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. मग त्याचे कान तांबडे होत गेले. “मला तुमचा चेहरा बघायचा असेल तर तिकडेच बघावं लागतं. म्हणजे... थोडासाच दिसतो. पण तेवढ्यासाठी.”

बाहेर पावसाची सर खिडकीवर तडतडली. दोघांपैकी कुणीही उठून खिडकी लावली नाही.

नंतरचे दिवस भरभर गेले. जेवणाच्या सुट्टीत ती त्याला गेममधली दृश्यं सांगू लागली. छतावरच्या लढतीत पाणी कसं उडतं, म्हाताऱ्या पैलवानाच्या भुवया किती दाट आहेत, हरल्यावर ती तलवारवाली केस कशी मागे टाकते. तो मध्येच अडवायचा, “भुवया राहू दे. आज तू कुठला रंग घातलायस?” ती म्हणायची, “पिवळा. तुझ्या सोयीसाठी.” तुम्हीचं तू कधी झालं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आणि मग मॅडमनी तिला चहाच्या खोलीत गाठलं. प्रकाशनाची तारीख परत पुढे ढकलणं कंपनीला परवडणार नव्हतं. “तुझं त्याच्याशी बरं जमतं. उद्याच्या मीटिंगमध्ये ‘खेळता येतो’ एवढं म्हणवून घे त्याच्याकडून. राहिलेलं मागाहून दुरुस्त करू.”

“बघते,” ती म्हणाली. मॅडमना टाळायला ती नेहमी तेवढंच म्हणायची.

पार्टिशनच्या पलीकडे तो कप विसळत होता. संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी आला.

“उद्या मी हो म्हणणार आहे. तेव्हा आता गोड बोलायची गरज नाही तुम्हाला.”

‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालं होतं. आजवर तिने जगावर संशय घेतला होता, तिच्यावर कुणी घेतला नव्हता. तो असा लागतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

“मी तसं काही...”

“बघते म्हणालात. मी ऐकलं.”

तो निघून गेला. कितीही समजावलं असतं तरी ते गोड बोलणंच ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मॅडमनी त्याला विचारलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती उठली.

“आधी मी खेळते,” ती म्हणाली. तिने ओढणीची घडी डोळ्यांवर बांधली, हेडफोन चढवला आणि चित्रकाराला म्हणाली, “माझी कीव करू नकोस.”

चित्रकाराने केली नाही. कानात तिचंच वाक्य सुरू झालं, ठुमकत, नटूनथटून. प्रतिस्पर्धी डाव्या बाजूने उंच... धाड. वाक्यामागे ठोसा ऐकूच आला नाही. तिने बटणं दाबली, उशिरा दाबली, चुकीची दाबली. किती लिहून, किती खोडून तिने ही वाक्यं घासली होती, आणि तीच आता तिला उभं राहू देत नव्हती. दोन फेऱ्या, दोनदा चीत. कुणी हसलं नाही.

तिने ओढणी सोडली. “हा गेम खेळता येत नाही. चूक माझ्या लिहिण्यात आहे. ‘उडी, डावी.’ एवढंच हवं. सगळं निवेदन नव्याने लिहावं लागेल, आवाज परत भरावा लागेल.”

“तुला कळतंय का, तारीख पुढे जाईल,” मॅडम म्हणाल्या.

“कळतंय.”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. “तुमचं काय मत?”

“त्या बरोबर सांगतायत,” तो म्हणाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. कुणाला कुणाला फोन करावे लागतील ते मोठ्याने मोजलं, आणि शेवटी पावसाळा संपल्यावरची तारीख टाकली.

ती बाहेर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. मागून तो आला.

“बाहेर लोक शिव्या घालतील,” ती म्हणाली.

“घालतीलच. मी पण दर वेळी घालतो.” तो कठड्याला टेकला. “काल मी फार वाईट बोललो तुला.”

“बोललास.”

“मला वाटलं... कुणी माझ्याशी इतकं बोलतं, तर त्याला काहीतरी कारण असणार.”

“कारण होतं की,” ती म्हणाली. “तू आवडतोस मला. पण ते मॅडमना कसं सांगणार?”

तो काहीच बोलला नाही. इतका वेळ, की तिला पुन्हा शंका यायला लागली.

“अरे, काहीतरी बोल.”

“लांब वाक्य होतंय डोक्यात. छोटं करतोय.” मग तो हसला. “मलाही. तू.”

खाली रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गडबड सुरू झाली होती. तिने हात पुढे केला. जिना त्याला तोंडपाठ होता, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने हात धरला आणि नेहमीपेक्षा बराच हळू उतरू लागला.