न सापडलेला पूल

"अहो, ती खिडकी जरा उघडता का? आणि पंखा कमी करा, कागद उडतायत."

त्याने खिडकी उघडली, पंखा कमी केला आणि नम्रपणे विचारलं, "अजून काही?"

"समितीतले कुणी साहेब येणार होते म्हणे, शंका सोडवायला. उगवले की सांगा."

"उगवलेत," तो म्हणाला. "आत्ताच तुमचा पंखा कमी करून बसले."

तिने मान वर केली… आणि लगेच खाली घातली. रेकॉर्डरूमच्या बाई कोपऱ्यात स्वेटर विणत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचा एक टाका सुटला.

ती एका छोट्या ठेकेदाराची मुलगी. बाप पूल बांधायचा. नकाशे आणि हिशेब हिच्याकडे. नदीवरच्या नव्या पुलासाठी त्यांनी भरलेलं टेंडर बांधकाम खात्याने बाद केलं होतं, आणि हिने हरकत घेतली होती. सुनावणीपर्यंत मूल्यांकनाची फाइल वाचायची मुभा होती. तीही याच खोलीत, बाईंच्या देखत. शंका विचारायच्या त्या फक्त कागदांबद्दल. त्यापलीकडे समितीतल्या माणसाशी एक शब्द जरी झाला, तरी 'संगनमत' म्हणून हरकत फेटाळायला खातं टपलेलंच होतं.

तो समितीतला सगळ्यांत धाकटा इंजिनिअर. मोठ्या दोघांनी सही केली की त्याने खाली करायची, म्हणून कचेरीत त्याचं नाव 'तिसरी सही'. हिचं नावही त्याच दुपारी पडलं. शिपाई जिन्यातूनच ओरडला, "हरकत आली हो!"

दुसऱ्या दिवशी हरकत म्हणाली, "शंका. ही खालची सही तुमचीच?"

"माझीच."

"एवढी अंग चोरून का बसलीय?"

"वरच्या दोघी ऐसपैस बसल्या की उरते तेवढीच जागा."

"सरकवून घ्यायचं त्यांना जरा."

"नवीन सुनेने पहिल्याच दिवशी सासवांना सरकवायचं?"

बाईंच्या सुया थांबल्या. "हे कागदांबद्दलच चाललंय ना?"

"कागदांबद्दलच!" दोघं एकदम म्हणाली, आणि एकदम म्हटल्याबद्दल दोघंही लाजली. अशा वेळी कोण जास्त लाजलं याचा हिशेब ठेवू नये. जमा-खर्चाचा मेळ बसत नाही.

पान उलटलं आणि तिचं हसू मावळलं. ठेकेदारांचं जुनं काम समितीने जाऊन पाहायचं आणि गुण द्यायचे, अशी पद्धत. बाबांच्या कामासमोर लिहिलं होतं— *दर्शवलेल्या ठिकाणी पूल आढळला नाही. सबब गुण शून्य.* खाली तीन सह्या.

घरी बाबांनी ते ऐकलं आणि ताटावरून हात काढून घेतला. "महाग म्हटलं असतं तर चाललं असतं गं. मला म्हातारा म्हटलं असतं तरीही. पण पूलच नाही? एवढ्या माणसांनी मग त्या पाण्यात उभं राहून काय केलं?" थोड्या वेळाने म्हणाले, "आता हे काम गेलं तर त्याच माणसांना सांगावं लागेल, दुसरीकडे बघा म्हणून."

सकाळी ती आली तीच दार आपटून. फोटो टेबलावर ठेवला. "शंका! हे काय आहे? म्हैस?"

"पूल आहे," तो ओशाळून म्हणाला. "पण पाहणीच्या नोंदीला फोटोचं उत्तर चालत नाही. सही करणाऱ्यांपैकी कुणी म्हणावं लागतं की…" आणि तो थबकला. फोटो त्याने जवळ ओढला. "हे वाकलेलं झाड… धुक्यातून एकदम अंगावर आलं होतं. मी तेव्हा थर्मासमधून चहा ओतत होतो."

"चालत्या जीपमध्ये?"

"मोठ्या साहेबांना चालत्या जीपमध्येच लागतो."

"आणि पूल?"

"आम्ही पूल धक्क्यावरून ओळखतो." त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. "रस्ता संपून पूल लागतो ना, तिथे सांधा असतो. चाक आपटतं. साहेब म्हणतात, 'आला पूल', ड्रायव्हर थांबतो, आम्ही उतरतो. आमचे सगळे पूल आपटतात हो. त्या दिवशी धुक्यात काही दिसत नव्हतं. आम्ही आपले धक्क्याची वाट बघत बसलो… तो लागलाच नाही."

"आणि चहा?"

"थेंबही सांडला नाही," तो कुजबुजला.

एखाद्या प्रचंड घुमटाखाली उभं राहून माणूस मान वर करतो ना, तसा त्याचा चेहरा झाला होता. वीतभर फोटोकडे तो असा बघत होता, की ती स्वतःचा राग विसरली. बाबांच्या कामाकडे असं बघणारं माणूस तिने आजवर एकच पाहिलं होतं— आरशात.

"असा सांधा जुळवता येतो?" त्याने विचारलं. "खरंच?"

"बाबा तळहात फिरवून बघतात. हाताला लागला तर पुन्हा उखडतात." ती थांबली. "हे… सुनावणीत सांगाल?"

उत्तर बाईंनीच दिलं. "त्यांना अजून नोकरीत कायम केलेलं नाही, बाळ. मोठ्या साहेबांच्या हातात आहे ते."

तिने फोटो उचलला, फाइल बांधली. "मग माझी शंका फिटली," ती शक्य तितक्या हसऱ्या आवाजात म्हणाली. दाराशी गेल्यावर मात्र वळून पाहिलंच. तो अजूनही रिकाम्या टेबलाकडे, फोटो होता तिथेच बघत होता.

सुनावणीत तिने त्याचं नाव काढलं नाही. पाहणीची वेळ, नकाशे, गावकऱ्यांचे जबाब— सगळं मांडलं, आणि मोठे साहेब प्रत्येकाला "नोंद पाहावी" एवढंच म्हणत राहिले. अपील अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. निव्वळ रीत म्हणून विचारलं, "तिसऱ्या सदस्यांना काही म्हणायचंय?"

खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता.

"मॅडम, पूल होता. आम्ही त्याच्यावरून गेलो."

"मग दिसला कसा नाही?"

"धुकं होतं. आणि धक्का नव्हता. आम्हाला धक्क्याशिवाय पूल कळत नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मोठ्या साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"म्हणजे दोष कुणाचा?" अधिकारी बाईंनी विचारलं. "पुलाचा की तुमचा?"

"आमचा. पण मॅडम, स्वतःची चूक कळून एवढं भरून मला कधीच आलं नव्हतं."

हरकत बाकाची कड धरून बसली होती. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित शब्द फुटला नसता. स्वतःच्या नोकरीवर हा माणूस तिच्यासमोर पाणी सोडत होता… आणि किती सरळ उभा होता! तिला श्वास घ्यायची आठवण बऱ्याच वेळाने झाली.

शून्य खोडलं गेलं. नवी समिती नेमली, ती पुलावर पायी गेली, आणि काम बाबांना मिळालं. तिसऱ्या सहीला मात्र टेंडरच्या विभागातून उचलून खड्डे बुजवायच्या विभागात टाकलं. कायम करायचं लांबलं ते लांबलंच.

सुट्टीच्या सकाळी तो बाबांचा 'न आढळलेला' पूल बघायला आला. बाबा पुढे, ही मागे.

"आता तुमच्याशी कागदांशिवाय बोललं तरी चालतं म्हणे," ती म्हणाली.

"मग बोला ना."

"इतके दिवस साठवलेलं… आता काही सुचेना."

"मला एक सुचतंय. डोळे मिटून चालतो. पूल लागला की सांगतो."

"पडाल हो!"

"तुम्ही असताना?"

तिने त्याचा हात धरला. तो डोळे मिटून चालत राहिला. गार वारा आला, खोल खालून पाण्याचा आवाज आला, तो दूर गेला. त्याच्या पायांना काहीच लागलं नाही.

"अजून यायचाय?" त्याने हळूच विचारलं.

"साहेब, संपला," बाबा म्हणाले.

त्याने डोळे उघडले, मागे वळला. दोन डोंगरांना जोडणारी ती एवढी मोठी, शांत कमान उन्हात उभी होती, आणि तो तिच्यावरून चालत आला होता.

"नोकरी गेली असती तर?" तिने विचारलं.

"तर रोज इथे येऊन बसलो असतो. तुम्ही केव्हातरी आला असताच."

"आता नाही येणार बसायला?"

"तुम्ही असाल तर… जन्मभर."

तिची बोटं अधिक घट्ट झाली.

बाबा खाकरले. "साहेब, पूल संपलाय. मुलीचा हात सोडा आता."

"बाबा, त्यांनी नाही धरलेला," ती म्हणाली. "मी धरलाय."

बाबांनी दोघांकडे पाहिलं, मग नदीकडे. "बरं. मी जरा खाली जाऊन खांब बघून येतो."

खांबांना काही झालं नव्हतं. पण त्या दिवशी ते बघायला त्यांनी भरपूर वेळ घेतला.