खालच्या खणातला ट्रे

होकायंत्रांच्या त्या छोट्या कारखान्यात खिडकीजवळची खुर्ची मामींची. त्याआधी ती मामांची होती. काम एवढंच, पण चुकून चालायचं नाही. सुई रेशमी धाग्याला टांगायची, जे टोक घड्याळाच्या भिंतीकडे, म्हणजे उत्तरेला वळेल त्याला लाल रंग लावायचा. दोन दिवस वाळवायचं आणि मग वर काच बसवून डबी कायमची बंद करायची. मामा रंग लावल्यावर प्रत्येक टोकावर एक हलकी फुंकर घालत. रंगाला त्याने काही फरक पडत नसे. तरी घालत.

मंगळवारी सकाळी भाचा टेबलाशी येऊन उभा राहिला. आता कारखाना तोच बघायचा. चोवीस होकायंत्रं मांडून ठेवलेली होती. दुपारी चारला डोंगर मोजणारे लोक ती न्यायला येणार होते.

चोवीसच्या चोवीस लाल टोकं दाराकडे बघत होती.

"मामी, उलट्या टोकांना रंग लावलास."

"काहीतरीच."

"सूर्य उगवतो कुठे ते तरी बघ. उत्तर ही अशी," त्याने घड्याळाच्या भिंतीकडे बोट केलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळीच म्हटलं होतं, आता घरी बस. तूच म्हणालीस, एक सुई चुकली तर आपणहून उठेन. मामांच्या हातून अशी चूक कधी झाली होती का?"

 झाली होती, हे फक्त मामींना ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणाआधीच्या आठवड्यात मामांनी पाच ओळींचा, पंचवीसांचा अख्खा ट्रे उलटा रंगवला होता. काचासुद्धा बसवल्या होत्या. 'म्हाताऱ्याचं डोकं गेलं' असं कुणी म्हणू नये म्हणून मामींनी तो खालच्या खणात लपवला. त्याला बावीस वर्षं झाली. या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

त्यांनी ॲप्रन काढून त्याची घडी केली. जाताना तो ट्रे पिशवीत घालून न्यायचा, एवढंच डोक्यात होतं. त्या खणापाशी वाकल्या तोच भूगोलाचे मास्तर आत आले. हातात शाळेचं होकायंत्र.

"हे बिघडलंय. वर्गात पोरं हसली मला."

भाच्याने ते टेबलावर ठेवलं. लाल टोक दाराकडे. मग त्याने कपाटातलं काढलं, भिंतीवरचं काढलं, शेवटी स्वतःच्या किल्ल्यांना लावलेलं इवलंसं काढलं. सगळी दाराकडे.

"पृथ्वीचं चुंबकत्व उलटतं," मास्तर म्हणाले, "पण त्याला शेकडो, हजारो वर्षं लागतात. असं मंगळवारी सकाळी नाही उलटत." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मी दोन दिवस रजा टाकतो."

रेडिओवर बातमी आली. तज्ज्ञ अभ्यास करत आहेत, जहाजांनी सावकाश जावं. पुढे हवामान सांगितलं, तेही दबकत. समोरचा शिंपी विचारून गेला, की आता उशी कुठल्या बाजूला घ्यायची. मामी म्हणाल्या, "झोप येते त्या बाजूला."

भाच्याने घडी केलेला ॲप्रन उचलून मामींच्या हातात दिला. "चुकलो. बस तू." मग डोकं धरलं. "पण चार वाजता काय देऊ त्यांना? काचा फोडायच्या, रंगवायचं, वाळवायचं. दोन दिवस गेले."

मामींनी ॲप्रन पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "खालचा खण ओढ."

खण कुरकुरला. ट्रेवरच्या कापडावर बोटभर धूळ होती. भाच्याने कापड उचललं.

पंचवीस लाल टोकं. सगळी घड्याळाच्या भिंतीकडे.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या मामांनी."

"कधी?"

"शेवटचे आजारी पडले त्याच्या आदल्या आठवड्यात."

त्याने एक डबी उचलून फिरवून पाहिली. "मामी, त्यांना कसं कळलं?"

"कामात ते नेहमी वेळेच्या आधीच असायचे," मामी म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मामांचं मोठ्याने कौतुक करता आलं.

"काचा धुरकट झाल्यात," म्हणत भाच्याने रुमालाने एक पुसली. निघेना. नख लावून पाहिलं.

ती वाफ आतल्या बाजूला होती.

दोघं बघत असतानाच ती कडेपासून विरत गेली, एकेका डबीतून, ओळीने.

चार वाजता मोजणीवाले चोवीस घेऊन गेले. लोकांनाही हळूहळू सवय झाली. मास्तर रजेवरून परतले. एक डबी उरली, ती मामींच्या टेबलावर असते.

रोज सकाळी मामी खुर्चीत बसतात तेव्हा त्या काचेला आतून, नुकतीच कुणी फुंकर घातल्यासारखी, वाफ धरलेली असते. ती विरेपर्यंत त्या थांबतात. मग कुंचला उचलतात.