नोंदीतली आदली तारीख

फायली पुसणारी ती जुनी कमांड कंपनीत वीस वर्षं वापरात होती. तिच्यापुढे एखादं अक्षर जोडलं की ती वेगळी वागायची. त्या अक्षरांना सगळे स्विच म्हणत. असे स्विच सतरा. कुठला कोणी मागितला, कधी आणि का, हे माहितीपुस्तिकेसाठी शोधायचं होतं. कंटाळवाणं म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. एकीने मात्र ते काम मागून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी याच कमांडने अपघाताने ग्राहकांच्या सगळ्या नोंदी गेल्या आणि खापर फुटलं तिच्या नवऱ्यावर. साहेब नामानिराळे राहिले. नवऱ्याने हाय खाल्ली, चार महिन्यांत गेला. पुसण्याआधी 'नक्की ना?' विचारणारा स्विच त्यानंतर आला, एवढं सिद्ध झालं तरी तिला पुरे होतं. "त्यांचं नाव एकदाचं निघू दे यातून," काल सकाळीच ती सासूबाईंना म्हणाली होती.

आज दुपारी त्या स्विचची नोंद सापडली. तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची. मागणी करणारा, तिचा नवरा.

तिने तारीख पुन्हा वाचली. मग त्यांनी तो वापरला का नाही?

तिने बाकीच्या नोंदी काढल्या. पुसलेलं परत आणणारा स्विच, संशोधनवाल्या बाईंचं तीन वर्षांचं काम उडालं त्याच्या आदल्या दिवशीचा. मागणी बाईंचीच. सतराच्या सतरा तसेच.

शेजारच्या टेबलावर सगळ्यात जुने प्रोग्रॅमर बसत. सगळे त्यांना काका म्हणत.

"काका, हे स्विच तुम्हीच लिहिलेत ना?"

"मी नाही गं. सकाळी आलो की तयार असायचे. चालतात, म्हणून राहू दिले."

"आणि ज्यांची नावं होती त्यांना सांगितलं नाहीत?"

"वेड्यात काढलं असतं मला."

स्वतःची नोकरी तेवढी सांभाळली म्हाताऱ्याने. तिला त्याची किळस आली.

"अठरावा बघितलास का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "कालच आलाय."

अठरावा. काम: एक नाव सगळीकडून काढणे. मागणी तिची.

तिने काही लिहून दिलं नव्हतं.

ती नवऱ्याच्या नोंदीवर परत गेली. नावाची जागा कोरी.

अपघाताचा अहवाल उघडला. तिथेही कोरी.

क्षणभर तिला आनंदच झाला. सुटले बिचारे! तिने घाईघाईने सासूबाईंना फोन लावला.

"आई, निघालं हो नाव! तुमच्या मुलाकडे आता कोणी बोट दाखवणार नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"चुकीचा नंबर लागलाय, बाळा," सासूबाई मायेने म्हणाल्या. "मला मूलबाळच नाही झालं."