स्तूपातला कण

ज्याने कुणी तो कण उचलला, त्याने आधी हात जोडले असतील. असली माणसं आधी हातच जोडतात.

बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. आदल्या संध्याकाळपासून पताका लावण्याच्या नादात विद्याधर जेवायचा राहिला होता. कन्नड मुलखातल्या राजाजीनगरच्या विहारात फुलं मांडायला तो आत गेला, तर काचेचा छोटा स्तूप रिकामा. बुद्धाचा अस्थिधातू म्हणून लोक ज्याला वंदन करत, तो तांदळाएवढा कण जागेवर नव्हता. बाहेर रांग लागलेली. आणि किल्ली असे एकट्या वासंतीअक्काकडे.

"मलाच चोर म्हणतील रे," अक्का भिंतीला टेकली. "झाडते, पुसते, दिवे लावते... आणि आता चोर."

"हाडाच्या तुकड्यापायी माणसाला चोर ठरवणारी ही कसली श्रद्धा?" विद्याधर उसळला. मग त्याचा हात झोळीकडे गेला.

त्याच्या झोळीत आईची तपकिरीची डबी होती. तिच्यात आईच्या अस्थी, नागपूरहून आणलेल्या. विहारातल्या पिंपळाखाली पुरू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं. त्याला विदू म्हणणारी ती एकटीच.

"हाड ते हाड, अक्का." चिमटीने एक कण त्याने स्तूपात ठेवला.

"पाप रे..."

"पाप-बिप काही नसतं. दार उघडा."

रिवाज असा, की वाकलेल्या प्रत्येक डोक्यावर स्तूप क्षणभर टेकवायचा. ते काम विद्याधरचं. सुरुवातीची माणसं सरळ पुढे गेली. मग उदबत्तीच्या धुरात तपकिरीचा वास मिसळला. डबी तर झोळीत घट्ट बंद होती. हातातली काच कोमट झाली, तापल्या कपाळासारखी. वर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. एक शाळकरी मुलगी उठली आणि बघत राहिली. त्याच्याकडे नव्हे, त्याच्या खांद्यामागे.

"अक्का... वास येतोय?"

"कसला रे?"

मल्लेश्वरमच्या म्हाताऱ्या लक्ष्मीदेवी पुढे आल्या. जन्मात कन्नडखेरीज एक शब्द न बोललेल्या. त्या वाकल्या, स्तूप टेकला, आणि त्या उठेचनात. कान देऊन ऐकावं तशी मान तिरकी करून राहिल्या. मग वासंतीअक्काचा पदर ओढत त्यांनी हळूच कन्नडमध्ये विचारलं,

"हे तुमच्या भाषेतलं ना गं? 'विदू, जेवला का रे बापा...' म्हणजे काय?"