भांडुपहून घातलेलं गाऱ्हाणं

हर्षदनं घाटकोपरच्या एका गाळ्यातून जुना फोन घेतला, तेव्हा तो अगदी हवेत होता. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी दणदणीत. भांडुपला घरी पोचल्यावर त्यानं पहिला फोन गावी आईला लावला आणि तिथंच सगळी हवा गेली.

“हॅलो... कोण ता? बोलणस कित्याक नाय?” पलीकडून जानकीबाई ओरडत होत्या. हर्षद इकडे घसा फोडत होता. आईचा शब्दन् शब्द त्याला ऐकू येत होता. त्याचं मात्र तिला काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

एरवी त्यानं सरळ जाऊन दुकानदाराची मानगूट धरली असती. पण आज थांबायची सोय नव्हती. जानकीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, मुंबईत ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि गावचा शेजारी भीमराज संध्याकाळच्या गाडीनं त्यांना सोबत आणणार होता. अडलं होतं ते गाऱ्हाण्यापाशी. घरच्या देवाकडं मोठ्यानं मागणं मागायचं, थोरल्या मुलानं एकेक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. तेवढं झाल्याशिवाय बाई उंबरा ओलांडणार नव्हत्या. हर्षद फोनवरून गाऱ्हाणं घालणार, असं मोठ्या मिनतवारीनं ठरलं होतं. घरातला दुसरा फोन, म्हणजे त्याच्या बायकोचा, श्वेताचा, मुलीबरोबर सहलीला गेलेला.

“आधी ते कव्हर काढ ना,” श्वेता म्हणाली. “माईकचं भोक बुजलं असेल. आण इकडे.”

तिनं कव्हर काढलं, दात घासायच्या कोऱ्या ब्रशनं ते इवलंसं भोक हलकेच झाडलं, फोन बंद करून पुन्हा चालू केला. “आता रेकॉर्ड करून बघू. बोल काहीतरी.”

हर्षदच्या डोक्यात दुसरं काय असणार! “बा देवा म्हाराजा, माज्या आवशीच्या डोळ्यांचा काम सुखरूप पार पाड रे म्हाराजा!”

लावून बघितलं. त्याचा आवाज खणखणीत आला होता. मग थोडी सळसळ, सुपारीच्या झावळ्या हलाव्यात तशी. आणि पाठोपाठ, पन्नासएक घोगऱ्या गळ्यांनी एकदम म्हणावं तसं...

“व्हय म्हाराजा!”

“तू म्हणालीस?” हर्षदनं हळूच विचारलं.

“मी?... मी नाहूरची रे, मुंबईतच वाढलेली. मला नीट म्हणता तरी येतं का ते?”

खोलीत जळत्या कापराचा वास येत होता. देवापुढं आज दिवासुद्धा लावलेला नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, शेजारी कुकर शिट्ट्या मारत होता. भरदुपारी असलं काही नसतं, असं दोघांनी एकमेकांना बजावलं आणि कुणाचाच विश्वास बसला नाही.

पण आईचे डोळे महत्त्वाचे. हर्षदनं फोन लावला, गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्यानंतर खोली चिडीचूप असायची आणि पलीकडे जानकीबाईंचा आनंद मात्र मावत नव्हता.

“किती माणसां जमवलंस रे झिला! घर भरला माजा!”

त्या आल्या. ऑपरेशन झकास झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी मुलाकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “मेल्या, किती काळवंडलंस!” घर हसून हसून लोटपोट. श्वेतानं बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्यातला काटा त्यांनी स्वतः वेचून काढला. हर्षदला इतकं सुखाचं जेवण कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. मग खिडकीशी बसून, टेकडीवरची घरं बघत त्या समाधानानं बोलल्या, “सगळा बघून झाला. आता देवान उचलल्यान तरी माजी ना नाय.”

फोन टेबलावर पडला होता. बंद.

“व्हय म्हाराजा!”

 हर्षदनं झडप घालून फोन उचलला, चालू केला, रेकॉर्डिंग सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, म्हातारी सहज बोलली, ता मनार घेव नको! तिका शंभर वर्सां दी रे म्हाराजा!”

फोन गप्प. शेवटी श्वेताच कापऱ्या आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा...” जानकीबाईंना भारी गंमत वाटली. फोनवर वाकून, सगळ्यांत मोठ्यानं, हसत हसत त्याही ओरडल्या, “व्हय म्हाराजा!”

हर्षदनं रेकॉर्डिंग लावलं. त्याचा आवाज आला. श्वेताचा आला. पुढं नुसती पंख्याची घरघर. त्यानं पुन्हा लावून बघितलं. घरघरच.

“माजो आवाज खंय गेलो?” जानकीबाईंनी विचारलं. “परत बिघाडलो काय रे तुजो माईक?”

“व्हय गे आये, बिघाडलो,” हर्षद म्हणाला आणि ब्रश घेऊन बसला. ते भोक घासत तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, “बोल गे आये... परत बोल.”