परत आलेला चष्मा

दार लोटून घे रे. आणि ते मोबाइल खाली ठेवा, नाहीतर मी सांगतच नाही.

माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागूनच एक चष्मेवाला आहे. अंगभर सोरायसिस. हात, मान, कपाळ, जिकडे बघाल तिकडे लाल चट्टे आणि वर पांढरे पापुद्रे. तो काही कोणाला लागत नाही, पण लोकांना कोण सांगणार? फ्रेम नीट बसवायला यानं हात पुढे केला की गिऱ्हाईक मागे सरकायचं. "द्या, मी घालतो." वर फुकटचे सल्ले! एक म्हणे दूध सोड, दुसरा म्हणे दूधच पी. औषधानं जरा उतरायचं, की पुन्हा दुपटीनं यायचं. एकदा माझ्यावरच खेकसला, "काका, बरं नाही झालं तरी चालेल हो आता. फक्त कोणी विचारू नका!" पार वैतागला होता बिचारा.

तर मागच्या डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. एका म्हातारीचा चष्मा पोचवायचा होता. मुलानं आधीच बजावलेलं, "आईला काही दिसत नाही. कितीही उशीर होऊ दे, घरी येऊन बसवून द्या." काचा आल्याच रात्री. साडेदहाला हा निघाला. दुसरा मजला. दार उघडं, आत एकच दिवा, म्हातारी खुर्चीत.

"ये बाळा. तुझीच वाट बघत होते."

हा खूश. तिला दिसत नव्हतं ना! कित्येक वर्षांनी कोणीतरी त्याच्याशी सरळ बोलत होतं. थंडी, गुडघे, मुलाचं उशिरा जेवणं, वाटेल ते. चष्मा डबीतून काढायलाच याचं मन होईना. घातला की ही बघणार. बघितलं की संपलं.

पण काम ते काम. बसवला.

तिनं वर बघितलं.

आता विचारेल... आता विचारेल, हे काय झालंय...

नाही विचारलं.

त्याचं मनगट धरलं. बर्फासारखा हात.

"आजी, सोडा... पापुद्रे लागतील तुम्हाला..."

सोडेना.

"फार दमलायस रे."

मग तिनं चष्मा काढला. त्याच्या हातात ठेवला.

"घेऊन जा. माझं बघून झालं."

अरे, काय भडकला तो! वाटभर स्वतःशीच बडबडत आला. दिसत नव्हतं तोवर बाळा, आणि दिसलं की माल परत!

सकाळी मी शटर उघडतोय, तर हा तावातावानं मला तेच ऐकवतोय. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा आला. डोळे सुजलेले.

"चष्मा राहू द्या आता. आई काल दुपारीच गेली, हॉस्पिटलात. आम्ही सगळे रात्रभर तिकडेच, घराला कुलूप. तुम्हाला कळवायचं राहिलं. फुकटचा हेलपाटा नाही ना झाला?"

हा माझ्याकडे बघतोय. मी त्याच्याकडे.

"नाही," म्हणाला. "नाही झाला."

मुलगा गेला तसा हा पायरीवर मटकन बसला. "काका, तिनं हात धरला होता हो माझा. आणि मी शिव्या घालत आलो..." ढसाढसा रडला. मी पाणी आणलं. तोंड धुवायला त्यानं बाही वर सारली.

आणि तसाच थांबला.

हसताय काय? मी स्वतः बघितलंय, या डोळ्यांनी. कोपरापासून नखांपर्यंत तेच चट्टे, तेच पापुद्रे. फक्त मनगटाभोवती... चार बोटं आणि एक अंगठा... तेवढी कातडी स्वच्छ. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी.

आठ महिने झाले. बाकीचं अंग उतरतं, पुन्हा चढतं. ती पाच बोटं तशीच आहेत.